नळ उघडणारा वेगळा, बंद करणारा वेगळा

माझ्या सासूबाईंचं माहेर चिंचोटीला आणि सासर नायगावला. रिक्षावाला मधे गॅस भरायला थांबला तरी तासाभरात माणूस पोचतो. या जवळिकीनेच त्यांचा घात केला. धाकट्याचं बाळंतपण आटपून त्या माहेरून परत आल्या, त्यानंतर तिथे एकही रात्र राहिल्या नाहीत. धाकट्याला आता दाढी आहे. "जवळच तर हाय, सांजच्याला ये परत," असं प्रत्येक वेळी कोणीतरी म्हणतं आणि त्या संध्याकाळी परत येतात. माझं माहेर साताऱ्याकडे. लांब आहे म्हणून मी जाते ती पंधरा-पंधरा दिवस लोळून येते. हा कुठला न्याय ते मला कधी कळलं नाही, आणि जे कळत नाही त्याचा मला राग येतो.

गेल्या थंडीत त्यांच्या बहिणींनी बेत केला. एक पालघरची, एक उरणची, एक भिवंडीची, आणि आमच्या सासूबाई. चौघींनी भावाकडे चार दिवस राहायचं, नवरे नकोत, मुलं नकोत, नातवंडं तर मुळीच नकोत. दिवसही विचार करून निवडलेले. पावसाळ्यात त्यांची वहिनी चिंचोटीच्या धबधब्याला येणाऱ्यांसाठी चहा-भजीची टपरी लावते, तेव्हा त्या घरात कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. थंडीत टपरी बंद, शेतं रिकामी, वहिनी मोकळी. फोनवर बेत ऐकताना सासूबाईंचा चेहरा असा काही उजळला की मी लॅपटॉप मिटून बघत बसले. मग त्यांनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मला कुठं जमतंय? मी गेले तर इथं पानी कोन भरंल?"

आमच्या घरात तेव्हा आम्ही पाच माणसं. सासरे, म्हणजे अप्पा, मिठागराच्या कचेरीतून निवृत्त झालेले. त्यांना नियम फार आवडतात, विशेषतः दुसऱ्याने मोडलेले. माझा नवरा कॉलेजात शिकवतो. दीर व्यायामशाळा चालवतो आणि अंड्यांवर जगतो. मी घरी बसून एका गोदामवाल्या कंपनीचं सॉफ्टवेअर लिहिते. आणि उरलेलं सगळं सासूबाई करतात. उरलेलं म्हणजे काय ते तेव्हा आम्हांला कोणालाच माहीत नव्हतं.

नेमकं त्याच आठवड्यात ऑफिसात माझी खरडपट्टी निघाली होती. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एक जुना क्लास होता. क्लास म्हणजे कोडचा एक गठ्ठा, ज्याने आपलं नेमून दिलेलं काम करावं. याला कोणी काही नेमून दिलेलं नव्हतं. माल तोच मोजायचा, पावती तोच छापायचा, ट्रकही तोच बोलवायचा, आणि गिऱ्हाइकाच्या वाढदिवसाला शुभेच्छाही तोच पाठवायचा. मी पावतीवरचा मजकूर जरा मोठ्या अक्षरात केला, तर त्या दिवशी ज्यांचा वाढदिवस होता त्या सगळ्यांना "तुमचा माल परत पाठवण्यात येत आहे" असा निरोप गेला. एक ना धड, भाराभर चिंध्या! आमची टीम लीड पुण्याहून व्हिडिओवर म्हणाली, "सिंगल रिस्पॉन्सिबिलिटी प्रिन्सिपल ऐकलंयस ना? एका क्लासवर एकच जबाबदारी. जा, तो फोड."

मी तो फोडायला बसले होते आणि समोर सासूबाई एका हाताने भाकरी थापत, दुसऱ्या हाताने मोटरचं बटण दाबत, तोंडाने दाराशी आलेल्या पार्सलवाल्याला थांब म्हणत होत्या. मला एकदम लख्ख दिसलं. म्हटलं, हा आपला ऑफिसातला क्लास, फक्त याला लुगडं नेसवलंय. ज्या घरात असा क्लास असतो, त्याला चार दिवस सुट्टी देता येत नाही, कारण काय काय बंद पडेल ते कोणालाच सांगता येत नाही.

रात्रीच्या जेवणाला मी जाहीर केलं की आई चिंचोटीला जाणार, कारण मी घराची रचना बदलणार. नवऱ्याने विचारलं, "भिंत पाडणार का?" मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं.

दिराच्या व्यायामशाळेतला एक पांढरा फळा आणून मी ओटीवर टांगला आणि सासूबाईंची कामं फोडायला घेतली. एका माणसाकडे एका वेळी एकच, अगदी लहान, स्वच्छ काम. आमच्या गावात पाणी एक दिवसाआड येतं आणि ते कधी येईल हे पाणी सोडणाऱ्या माणसाच्या मर्जीवर असतं, म्हणून पाण्याकडे मी खास लक्ष दिलं. नळ उघडणं अप्पांकडे. नळ बंद करणं दिराकडे. टाकीत पाणी चढवायची मोटर नवऱ्याकडे. दूध गॅसवर ठेवून त्यावर नजर ठेवणं नवऱ्याकडे, गॅस बंद करणं माझ्याकडे. मासळी निवडणं दिराकडे, भाव करणं अप्पांकडे, साफ करणं माझ्याकडे. काय सुंदर दिसत होता तो फळा! मी त्याचा फोटो काढून टीम लीडला पाठवणार होते, देवानेच वाचवलं.

सासूबाई फळ्यासमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "आनि मी?"

"तुम्ही कुठेच नाही," मी अभिमानाने म्हणाले. "रविवारी रंगीत तालीम. तुम्ही झोपाळ्यावर बसायचं. काहीही झालं तरी उठायचं नाही."

"काही बी झालं तरी?"

"काहीही."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवारी सकाळी सगळे आपापल्या कामाची वाट बघत बसलो. सासूबाई झोपाळ्यावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, दोन्ही हात कड्यांना धरून. पाणी आलं. अप्पा उठले, त्यांनी नळ उघडला, टॉवेलला हात पुसले, खुर्चीत बसले आणि पेपर उघडला. पिंप भरलं. मग वाहायला लागलं.

"अप्पा, पाणी!" मी आतून ओरडले.

"आलंय."

"वाहतंय!"

"वाहनारच. उघडलंय ना."

"मग बंद करा!"

"बंद करनं माझ्याकडं नाय," अप्पा म्हणाले आणि त्यांनी पेपरच्या वरून फळ्याकडे बोट केलं.

बंद करणारा दीर वाट बघून न्हाणीघरात गेला होता. तोंडाला साबण, डोळे मिटलेले, आणि वरच्या टाकीतलं पाणी संपलेलं. तो आतून मोटर, मोटर म्हणून ओरडत होता. मोटर नवऱ्याकडे. नवरा दुधासमोर उभा होता आणि फळ्याप्रमाणे त्याची नजर दुधावर होती. "माझं एका वेळी एकच काम आहे," तो ओरडला, "तूच लिहिलंयस!" म्हणजे अंगणात पाणी वाहत होतं आणि पाण्यावाचून न्हाणीघरात अडकलेला माणूसच काय तो नळ बंद करू शकत होता. हा घोळ पुरेसा नव्हता म्हणून की काय, त्याच वेळी पाचूबंदरची मावशी मासळीची पाटी घेऊन दारात आली.

मावशी रोज सकाळी येते. ती ओटीवर टेकते, सासूबाई पाटीवरचं फडकं उचलतात, दोघी दोन मिनिटं भांडतात आणि व्यवहार होतो. त्या दिवशी तिने पाटी उतरवली आणि सासूबाईंकडे बघितलं. सासूबाईंनी झोपाळ्यावरून भुवया उडवून अप्पांकडे दाखवलं.

"कशी दिली?" अप्पांनी पेपरमधूनच विचारलं.

"काय कशी दिली?"

"जी काय असंल ती."

"आधी बघा तरी! बोंबील हायत, मांदेली हाय, कोलंबी हाय."

"निवडनं माझ्याकडं नाय. भाव सांग."

"कशाचा भाव सांगू? फडक्याचा?"

"महाग हाय," अप्पा म्हणाले. भाव करायचा म्हणजे महाग आहे म्हणायचं, एवढं त्यांना ठाऊक होतं.

मावशी कमरेवर हात ठेवून माझ्याकडे वळली. "अगो बाय, घेतंय कोन?" मी तिला समजावायला गेले की निवडणारा आंघोळ करतोय, तो आला की निवडेल, मग अप्पा भाव करतील आणि मग मी साफ करीन. ती ऐकत होती, पण तिचे डोळे सासूबाईंवर होते. "ती आजारी हाय काय?" तिने हळूच विचारलं.

तेवढ्यात नवऱ्याची हाक आली. "दूध वर येतंय!" त्याची नजर दुधावर पक्की होती. गॅस बंद करायचा माझ्याकडे आणि मी दारात. "बंद कर ना!" मी म्हटलं. त्याने चहाचं पातेलं बाजूला करून जागा केली, ओटा पुसायचं फडकं हातात घेतलं, पण बटणाला हात लावला नाही. दूध गेलं. ते वाहत ओट्यावरून खाली आलं, अंगणातलं पाणी उंबऱ्यावरून आत आलं, आणि दोन्ही स्वयंपाकघराच्या दारात एकमेकांना भेटली. मावशी पाणी टाळायला उठली. पाटी उघडी पडली. आमच्या गल्लीतला बोका, ज्याला मी फळ्यावर कुठेही जागा दिली नव्हती, भिंतीवरून उतरला आणि एक बोंबील घेऊन अप्पांच्या खुर्चीखाली बसला.

"मांजर कोनाकडं?" अप्पांनी विचारलं.

आम्ही सगळ्यांनी फळ्याकडे बघितलं. हे सांगताना मला आजही लाज वाटते, पण तीन शिकलेली माणसं बोक्यासाठी फळा वाचत होती.

सासूबाई झोपाळ्यावरून उतरल्या. घाई नाही, काही नाही. जाता जाता नळ बंद केला, मोटर लावली, आत जाऊन गॅस बंद केला, बाहेर येऊन बोक्याला "हड्!" म्हणाल्या. बोका बोंबील टाकून पळाला. मावशीला म्हणाल्या, "बोंबील दे आनि थोडी कोलंबी दे," आणि भाव न विचारता पाटीपाशी बसल्या. मग त्यांना हसू आलं. मावशीलाही आलं. दोघी इतक्या हसल्या की मावशीला पाणी द्यावं लागलं, आणि ते कोणी द्यायचं हे कोणी विचारलं नाही.

पण हसून झाल्यावर त्यांनी कोलंबीने माखलेले हात धुतले आणि पालघरच्या बहिणीला फोन लावला. "तुम्ही मजा करा गो. माझं नाय जमत. नाय, नाय, सगळं बरं हाय. जवळच तर हाय, येऊन जाईन एक दिवस." आवाज अगदी साधा. पण मी त्यांच्याकडे पाठ करून फरशी पुसत होते आणि मला रडू येत होतं. मला रडू आलं की राग येतो. मी फळा उतरवला आणि घरामागच्या रिकाम्या गोठ्यात नेऊन उलटा ठेवला.

सोमवारी ऑफिसातही तेच. मी त्या क्लासचे इतके बारीक तुकडे केले होते की टीम लीड बघतच राहिली. एक क्लास फाइल उघडायचा, दुसरा ती बंद करायचा. मधे कोणी अडकलं की फाइल रात्रभर उघडी. "अगं, मी फोड म्हणाले, किसून ठेव नाही म्हणाले," ती म्हणाली. "कामं किती आहेत ते मोजू नकोस. ते काम बदलायला कोण सांगतं, ते बघ. गोदामवाले माल मोजायची पद्धत बदलतात. पावतीचं रूप हिशेबवाले बदलतात. दोघांचं एका ठिकाणी ठेवलंस की एकाचं ऐकताना दुसऱ्याचं मोडतं, म्हणून ते वेगळं करायचं. पण उघडणं आणि बंद करणं एकाच कारणाने बदलतं. ते कशाला तोडलंस?"

"तुमच्या घरी नळ कोण बंद करतं?" मी विचारलं.

"काय?"

"काही नाही."

पुढचे दोन दिवस मी काम सोडून सासूबाईंकडे बघत होते. आता मी त्यांची कामं मोजत नव्हते, त्यांना कोण काय सांगतंय ते ऐकत होते. नवऱ्याला लवकर लेक्चर, म्हणून डबा लवकर. डबा लवकर म्हणून अप्पांचा चहा उशिरा. अप्पा कुरकुरले म्हणून उद्या चहा आधी, मग दिराची अंडी जळली. माझी मीटिंग म्हणून मिक्सर बंद, म्हणून चटणी पाट्यावर. आम्हां चौघांपैकी कोणाचंही काही बदललं की ते त्यांच्यावर येऊन आदळत होतं आणि तिथून उडून उरलेल्या तिघांना लागत होतं. त्यांना कामांनी बांधून ठेवलेलं नव्हतं. आम्ही बांधून ठेवलं होतं, मीही धरून. साताऱ्याला लोळायला जाते ती बाई कोणाच्या जिवावर जाते, हे मला स्वतःला विचारावं लागलं आणि उत्तर काही गोड नव्हतं.

त्या संध्याकाळी मी फळा आणला नाही. तोंडीच सांगितलं. "अप्पा, पाणी तुमचं. सगळं. उघडणं, भरणं, मोटर, बंद करणं, आणि पाणी सोडणाऱ्या माणसाशी भांडणंही. चूल आणि मासळी तुझी," नवऱ्याला म्हटलं, "मावशीपासून बोक्यापर्यंत. दाराबाहेरचं सगळं भाऊजींचं, पार्सल, पाहुणे, कचरा. कपडे आणि औषधं माझी. आणि ज्याचे नखरे त्याने स्वतः पुरवायचे. साखर कमी हवी त्याने कमी घालून घ्यावी, अंडी हवी त्याने फोडावी."

अप्पा विचारात पडले. पाण्याचा सगळा कारभार आपला, हे त्यांना आवडलेलं दिसत होतं. पण त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "मग हिच्याकडं काय ऱ्हायलं?"

सासूबाई भांडी पुसत होत्या. त्यांनी हातातला पेला फळीवर पालथा घातला.

"माझी पिशवी कुठं ठेवलीय?" त्या म्हणाल्या.

शुक्रवारी दीर त्यांना स्कूटरवरून सोडून आला. पुढचे चार दिवस, मी कशाला खोटं सांगू, स्वर्ग नव्हता. अप्पा पाण्याचे सुभेदार झाले. नळापाशी खुर्ची टाकून बसले, पाणी सोडणाऱ्या माणसाला दोनदा चहाला बोलावलं, आणि "कपडे धुनार? काय कारण?" असं मला विचारू लागले. नवऱ्याने मावशीकडून रोज बोंबीलच घेतले, कारण त्याला दुसरं काही ओळखता येत नव्हतं, आणि रोज ते वेगवेगळ्या प्रकारे बिघडवले. दिराने कचऱ्यासोबत माझं एक पार्सलही टाकून दिलं. पण गंमत बघा, नवऱ्याचं कालवण बिघडलं की फक्त कालवण बिघडायचं. पाणी चालू राहायचं, दार उघडायचं, गोळ्या वेळेवर मिळायच्या. आणि अप्पांचा राग, जो रोज सासूबाईंच्या नावाने हाक मारून सुरू व्हायचा, त्याला तर कोणी मालकच उरला नाही. ते हाक मारायचे, उत्तर यायचं नाही, मग थोडा वेळ खाकरून गप्प बसायचे.

मंगळवारी त्या येणार होत्या. आम्ही घर आवरलं, उंबरा धुतला, अप्पांनी स्वतः दाढी केली. नवऱ्याने पहिल्यांदाच कोलंबी आणली होती आणि ती कशी करतात हे मोबाइलवर बघत बसला होता. दीर स्कूटर काढत होता तेवढ्यात माझा फोन वाजला.

"अगो बाय," सासूबाई म्हणाल्या. मागे बायकांचा गलका होता, कोणीतरी कोणाची तरी नक्कल करत होतं. "आज नको पाठवू त्याला. मी अजून राहतंय."

वाटलं, आपण मोठ्या मनाने परवानगी द्यावी, म्हणावं की सगळं नीट आहे, काळजी करू नका. मी म्हटलं, "अहो आई, विचारता काय, खुशाल रहा की."

पलीकडे त्यांनी गलका करणाऱ्या कोणाला तरी "थांब गो" म्हटलं.

"विचारत नाय गो," त्या म्हणाल्या. "सांगतंय."